३,००० वर्षं टिकलेलं मडकं कपाटात का झडतं? प्राचीन भांड्यांवरचे क्षार आणि त्यावरचे उपचार

घरातला पाण्याचा माठ आठवा. दोन-तीन महिने वापरला की त्याच्या बाहेरच्या अंगावर पांढरट डाग दिसायला लागतात. बोअरचं पाणी असेल तर जरा लवकरच. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी हवेत उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार मात्र तिथेच राहतात. जुना माठ आधीसारखं गार पाणी देत नाही, त्याचं एक कारण हेच. त्याची बारीक छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात.

माठाच्या बाबतीत आपण फार विचार करत नाही. पुढच्या उन्हाळ्यात नवा आणतो. पण हीच गोष्ट ३,००० वर्षांपूर्वीच्या रंगवलेल्या भांड्यावर झाली तर? ते भांडं पुन्हा बाजारात मिळणार नाही. आणि गंमत म्हणजे असं भांडं जमिनीखाली हजारो वर्षं शाबूत राहतं, पण बाहेर काढून कपाटात ठेवल्यावर काही वर्षांत त्याचा रंग पापुद्र्यांनी गळायला लागतो. असं का होतं, ते कसं थांबवतात आणि यात आपल्या घरातल्या टीडीएस पेनचा काय संबंध आहे, ते या लेखात समजून घेऊया.

थोडक्यात

- मातीचं भांडं सच्छिद्र असतं. जमिनीतलं क्षारयुक्त पाणी त्याच्या छिद्रांत शिरतं.
- भांडं बाहेर काढून वाळलं की त्या छिद्रांत क्षारांचे स्फटिक तयार होतात आणि आतून दाब देतात.
- हवेतला दमटपणा वरखाली झाला की स्फटिक विरघळतात आणि पुन्हा बनतात. प्रत्येक फेरीत थोडं थोडं नुकसान होतं.
- मुख्य उपचार म्हणजे शुद्ध पाण्यात भिजवून क्षार बाहेर काढणं. भिजवता येत नसेल तर कागदाच्या लगद्याचा लेप देतात.
- प्रत्येक भांडं धुवायचं नसतं. काही भांडी धुतली तर त्यांच्यातली माहितीच वाहून जाते.

अहिल्यानगरची खापरं इतकी महत्त्वाची का?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातून वाहणाऱ्या प्रवरा नदीच्या काठावर तीन अशी ठिकाणं आहेत, ज्यांची नावं भारताच्या पुरातत्त्वाच्या प्रत्येक पुस्तकात सापडतात.

पहिलं, संगमनेर तालुक्यातलं जोर्वे. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. इथे जी विशिष्ट खापरं सापडली त्यांना गावाचंच नाव पडलं. चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, लाल-नारिंगी अंगाची आणि त्यावर काळ्या रंगाची भौमितिक नक्षी असलेली ही भांडी. पुढे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात किंवा तापीकाठच्या प्रकाशे इथे तशी खापरं मिळाली, तेव्हा त्यांनाही ‘जोर्वे खापरं’च म्हटलं गेलं. या संस्कृतीचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७०० मानतात. तोटी असलेली भांडी आणि मध्ये कोन काढलेले वाडगे ही तिची खास ओळख.

दुसरं नेवासे. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तेच हे गाव. इथे १९५४ पासून डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. त्यात घराच्या जमिनीखाली पुरलेली मोठी मडकी निघाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि आत लहान मुलाचे अवशेष, अशी ही दफनं होती.

तिसरं दायमाबाद. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी हे ठिकाण शोधलं. त्यानंतर म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी वेगवेगळ्या टप्प्यांत उत्खननं केली. १९७४ मध्ये इथे सापडलेला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा जगभर गाजले. पण अभ्यासकांच्या दृष्टीने तितकीच मोलाची गोष्ट म्हणजे इथले एकावर एक पाच थर: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे.

आता मुद्दा लक्षात घ्या. त्या काळातल्या या गावांनी आपल्याला वाचता येतील अशा नोंदी ठेवलेल्या नाहीत. कोणता थर कोणत्या काळाचा, हे ओळखण्याचा मोठा आधार म्हणजे खापराचा पोत, त्यावरचा लेप आणि नक्षी. वरचा एक मिलिमीटरसुद्धा नसलेला थर झडला तर हातात उरतो विटेसारखा एक लाल तुकडा. त्याचं ओळखपत्रच पुसलं गेलेलं असतं.

क्षार येतात कुठून?

*१. पांढरीच्या मातीतून.* आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहिली की चुलीची राख, शेण, मूत्र, हाडं, पडलेल्या भिंतींची माती असं सगळं साठत जातं आणि पांढरट टेकाड तयार होतं. या मातीत नायट्रेट आणि इतर क्षार भरपूर असतात. म्हणून तर जुन्या पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायची पद्धत होती. त्यामुळे अनेक ठिकाणची टेकाडं खणली गेली, तो वेगळा विषय. पण भांडी याच मातीत गाडलेली होती, हे महत्त्वाचं.

*२. चुनखडीतून.* दख्खनच्या काळ्या मातीत आणि नदीकाठच्या गाळात चुनखडीचे खडे असतात. हा चुना पाण्यात अगदी थोडा विरघळतो आणि भांड्यावर टणक, राखाडी-पांढरा थर बनून बसतो. हा पाण्याने निघत नाही. याच्याबद्दल पुढे बोलू.

*३. चढलेल्या पाण्यातून.* भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. जिथे पाणी जास्त आणि निचरा कमी, तिथे जमिनी क्षारपड होतात, हे या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. जमिनीतलं पाणी वर चढतं, उन्हाने उडतं आणि क्षार वरच्या थरात साठतात. शेजारी पुरातत्त्वाचं टेकाड असेल तर त्यातल्या भांड्यांनाही हाच धोका असतो.

*४. आपल्याच हातून.* चुन्याचा थर काढायला आम्ल वापरलं आणि नंतर नीट धुतलं नाही, तर भांड्यात नवे क्षार तयार होतात.

मीठ भांडं फोडतं कसं?

जमिनीखाली दमटपणा आणि तापमान फारसं बदलत नाही. त्यामुळे क्षार छिद्रांतल्या पाण्यात विरघळलेले राहतात. भांडं आणि माती यांचा जणू करार झालेला असतो. उत्खननात भांडं बाहेर आलं, ऊन-वारा लागला, की तो करार मोडतो. पाणी पृष्ठभागाकडे येतं, उडून जातं आणि क्षार घट्ट होत होत स्फटिक बनतात.

स्फटिक कुठे बनतात यावर नुकसान ठरतं.

- पाणी हळूहळू उडालं तर स्फटिक बाहेरच्या अंगावर येतात. पांढरी भुकटी किंवा बारीक कापसासारखे केस दिसतात. जुन्या भिंतीला लोणा लागतो तसंच. दिसायला वाईट, पण त्यातल्या त्यात कमी घातक.
- पाणी झपाट्याने उडालं, किंवा वरचा लेप घट्ट असला, तर स्फटिक लेपाच्या *खाली* बनतात. बाहेरून काही दिसत नाही. आतून मात्र वरचा थर उचलला जातो आणि एक दिवस नक्षीसकट खपली निघते.

आता दमटपणाचं गणित. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे तुम्ही पाहिलं असेल. प्रत्येक क्षाराची एक सीमारेषा असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता त्या आकड्याच्या वर गेली की क्षार हवेतलं पाणी ओढून विरघळतो, खाली आली की पुन्हा स्फटिक होतो. साधारण २५ अंश सेल्सिअसला हे आकडे असे:

- कॅल्शियम क्लोराइड: सुमारे २९-३० टक्के
- मॅग्नेशियम नायट्रेट: सुमारे ५३ टक्के
- साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड: सुमारे ७५ टक्के
- सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट: सुमारे ९४ टक्के

प्रत्यक्षात भांड्यात अनेक क्षार एकत्र असतात, त्यामुळे ही सीमा एका आकड्याऐवजी एका पट्ट्यात पसरते. आता पावसाळ्यातला एखादा दिवस घ्या. पहाटे दमट, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा सर. आर्द्रता ७५ च्या वर-खाली होत राहिली, तर मिठाने भरलेलं भांडं दिवसातून एकदा-दोनदा आतून ढकललं जातं. एका फेरीने काही होत नाही. पण चार महिन्यांत अशा किती फेऱ्या होतील, याचा हिशोब तुम्हीच करा.

सोडियम सल्फेट हा सगळ्यात खोडकर. कोरडा असताना तो एका रूपात असतो आणि पाणी मिळालं की दुसऱ्या रूपात जातो. त्यात प्रत्येक कणामागे पाण्याचे दहा रेणू अडकतात आणि घन स्फटिकाचं आकारमान सुमारे चौपट होतं. तुलनेसाठी सांगायचं तर पाण्याचा बर्फ होताना आकारमान फक्त ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं, आणि तेवढ्यानेच फ्रीजरमधली काचेची बाटली फुटते.

पांढरं दिसलं म्हणजे क्षारच का?

नाही. तीन गोष्टींत गोंधळ होतो.

1. *विरघळणारे क्षार:* भुकटी किंवा सुईसारखे बारीक स्फटिक. मऊ ब्रशने सहज झडतात, पण काही दिवसांनी परत येतात.
2. *चुन्याचा थर:* टणक, नखाने निघत नाही, पाण्यात विरघळत नाही. वर्षानुवर्षं तसाच राहतो. कुरूप दिसला तरी बहुतेक वेळा भांड्याला मारत नाही.
3. *बुरशी:* ठिपक्यांत वाढते आणि कुबट वास येतो. मोठं करून पाहिलं की धागे दिसतात. फोनला लावायची मॅक्रो लेन्स असेल तर फरक बराचसा कळतो.

उपचाराआधीची तपासणी

संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तूंचे जणू डॉक्टर, आधी रुग्ण तपासतात. सगळ्या बाजूंनी फोटो काढतात. कुठे खपली सुटली आहे, कुठे जुना डिंक लावलेला आहे, रंग भाजण्याआधी दिलाय की नंतर, हे बघतात. भांडं कच्चं भाजलेलं असेल तर पाण्यात विरघळून चिखल होण्याची भीती असते. त्यामुळे आधी त्याच जातीच्या एखाद्या बिननक्षीच्या लहान तुकड्यावर चाचणी घेतात.

मग क्षार कोणते आहेत ते पाहतात. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतली चाचणी इथे थेट कामाला येते. भांडं भिजवलेलं थोडं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, त्यात सौम्य नायट्रिक आम्लाचे एक-दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट. दुधासारखा पांढरा साका आला की क्लोराइड आहे. सल्फेटसाठी बेरियम क्लोराइडची चाचणी असते. नायट्रेटसाठी रंग बदलणाऱ्या पट्ट्या मिळतात.

मुख्य उपचार: भिजवून क्षार काढणं

तत्त्व अगदी साधं. भांड्याच्या आत क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी. मग क्षार आतून बाहेर येतात, दोन्हीकडचं प्रमाण सारखं होईपर्यंत. पाणी बदललं की पुन्हा सुरू.

1. *कोरडी सफाई.* सैल माती आणि वर आलेली क्षारांची भुकटी मऊ ब्रशने काढतात. जेवढं कोरडं निघेल तेवढं बरं.
2. *सुटलेल्या खपल्यांना आधार.* इथे पॅरॅलॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक राळेसारखं द्रव्य वापरतात. ते अ‍ॅसिटोनमध्ये अगदी पातळ, साधारण २ ते ५ टक्के विरघळवून थेंब-थेंब सोडतात. हे निवडण्याचं कारण म्हणजे ते सहसा पिवळं पडत नाही आणि पुढे गरज पडली तर काढता येतं. फेविकॉल किंवा इन्स्टंट ग्लू यांचं काम इथे नाही.
3. *पाण्यात ठेवणं.* भांडं जाळीवर किंवा सुती कापडाच्या झोळीत ठेवून हळूहळू बुडवतात. एकदम बुडवलं तर आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येताना सैल थर उडवते. आधी कमी क्षारांचं साधं पाणी आणि शेवटच्या फेऱ्यांना आयनमुक्त पाणी, असा क्रम खर्चालाही परवडतो.
4. *मोजणी.* पाण्यात क्षार उतरले की त्याची वीजवाहकता वाढते. ती मीटरने मोजून वहीत लिहितात. एकक असतं मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर. तुमच्या घरी आरओ बसवताना माणूस जे टीडीएस पेन बुडवून दाखवतो, ते आतून हेच मोजतं आणि साधारण ०.५ ते ०.७ ने गुणून पीपीएममधला आकडा दाखवतं.
5. *पाणी बदलणं.* आकडा वाढायचा थांबला की पाणी बदलतात आणि पुन्हा मोजतात. नव्या पाण्यातही आकडा फारसा वाढत नाही, तेव्हा थांबतात.
6. *सावकाश वाळवणं.* सावलीत, जाळीवर, पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर. उन्हात ठेवण्याची घाई इथे सगळी मेहनत वाया घालवू शकते.

किती दिवस लागतात? भिंतीच्या जाडीवर अवलंबून आहे. या प्रकारच्या झिरपण्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ साधारण चौपट. पातळ जोर्वे वाडग्याला काही दिवस पुरले, तर दफनाच्या जाड मडक्याला कित्येक आठवडे लागू शकतात.

आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना उत्खननाच्या जागेवरच पाळायची असते: क्षारयुक्त जमिनीतलं भांडं ओलं निघालं असेल तर ते प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ओलसरच ठेवायचं. एकदा ते वाळलं की पहिली फेरी झालीच म्हणून समजा.

भिजवता येत नसेल तर लेप

काही भांडी बुडवता येत नाहीत. कुणाचा रंग पाण्याने सुटतो, कुणाच्या आत माती आणि अस्थी तशाच जपायच्या असतात, कुणी नुसतं मोठं असतं. तिथे कागदाचा लगदा किंवा शुद्ध चिकणमाती आयनमुक्त पाण्यात कालवून अंगावर थापतात. चेहऱ्याला मुलतानी माती लावतो तसंच. लेपातलं पाणी भांड्यात शिरतं, क्षार विरघळवतं आणि लेप वाळताना ते पाणी क्षारांसकट लेपाकडे ओढलं जातं. वाळलेला लेप काढून पाण्यात टाकला आणि वीजवाहकता मोजली की किती क्षार निघाले ते कळतं. मग दुसरा लेप. नाजूक पृष्ठभागावर आधी पातळ जपानी कागद लावतात, म्हणजे लेप काढताना नक्षी निघत नाही.

आम्लाची घाई

चुन्याचा थर नक्षी झाकतो. म्हणून उत्खननातली खापरं सौम्य आम्लात टाकून स्वच्छ करण्याची पद्धत जगभर बरीच वर्षं चालली. थर फसफसून निघतो आणि नक्षी लख्ख दिसते. पण हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चुना मिळून कॅल्शियम क्लोराइड बनतं. वरची यादी पुन्हा बघा. त्याची सीमारेषा फक्त ३० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे न विरघळणारा, निरुपद्रवी थर काढून आपण भांड्यात सगळ्यात जास्त पाणी ओढणारा क्षार भरतो. शिवाय भांड्याच्या मातीतच चुन्याचे कण असतील तर आम्ल भिंतही पोखरतं.

म्हणून आता शक्यतो थर ओला करून मऊ करतात आणि भिंगाखाली धारदार पात्याने हळूहळू खरवडतात. आम्ल वापरावंच लागलं तर आधी भांडं पाण्याने पूर्ण भरून घेतात, म्हणजे आम्ल खोल शिरत नाही. नंतर बराच काळ धुतात आणि वीजवाहकता मोजूनच थांबतात.

कधी धुवायचं नाही?

इथे खरा पेच आहे. मडक्याच्या भिंतीत शिजवलेल्या अन्नातली चरबी मुरलेली असते. आजच्या प्रयोगशाळा त्यावरून ३,००० वर्षांपूर्वी त्यात दूध तापवलं की मटण शिजवलं, याचा अंदाज बांधू शकतात. पण भरपूर धुणं, आम्ल किंवा अ‍ॅसिटोनसारखे द्रव या खुणा कमी करतात किंवा बिघडवतात. पॅरॅलॉइडसारखं द्रव्य आत गेलं तर तपासणी अवघड होते.

म्हणजे भांडं वाचवायचं तर धुवावं लागतं आणि गोष्ट वाचवायची तर धुता येत नाही. यावरचा शहाणा मार्ग म्हणजे वाटणी. त्याच थरातली काही खापरं न धुता, हात न लावता, वेगळी पिशवीबंद करून ठेवायची. नमुना आधी घ्यायचा आणि उपचार नंतर करायचा. काय केलं, कोणत्या तारखेला, कोणतं द्रव्य, किती प्रमाणात, हे सगळं लिहून ठेवायचं. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते खापर हातात घेईल, तेव्हा ही नोंद त्याला वाचता यायला हवी.

उपचारानंतर: कपाटातली हवा

सगळे क्षार कधीच निघत नाहीत. त्यामुळे पुढची काळजी हवेची. दमटपणा कमी-जास्त होण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. आर्द्रतेची सतत नोंद ठेवणारी छोटी यंत्रं मिळतात. त्यातली काही ब्लूटूथने फोनवर आलेख पाठवतात. बंद डब्यात सिलिका जेल ठेवून आर्द्रता सांभाळता येते. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पुड्यांचंच हे मोठं रूप.

कपाट कशाचं आहे हेही बघायचं. काही लाकडांतून आणि प्लायवुडमधून अ‍ॅसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरची वाफ अगदी थोड्या प्रमाणात निघत राहते. ती भांड्यातल्या कॅल्शियमशी जुळून नवेच पांढरे स्फटिक तयार करते. त्यामुळे रंगाचा पक्का थर दिलेली लोखंडी कपाटं बरी.

ही विद्या आली कुठून?

१८८८ मध्ये बर्लिनच्या शाही संग्रहालयांनी फ्रीडरिख राथगेन या रसायनशास्त्रज्ञाला नेमलं. तिथल्या जुन्या वस्तू क्षारांनी खराब होत होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमने आपल्या वस्तू लंडनच्या भुयारात हलवल्या. परत आणल्यावर अनेक वस्तू दमट हवेने बिघडलेल्या निघाल्या आणि त्यातून तिथली प्रयोगशाळा उभी राहिली. भारतात पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९१७ मध्ये मोहम्मद सनाउल्ला यांना रसायनतज्ज्ञ म्हणून नेमलं. आज सर्वेक्षणाची विज्ञान शाखा, लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र, अशा ठिकाणी हे काम चालतं.

घरी करून बघा

जुन्या खापरावर मुळीच नाही. बाजारातली नवी, रंग न दिलेली पणती घ्या.

1. ग्लासभर पाण्यात चार-पाच चमचे मीठ विरघळवा. पणती रात्रभर त्यात ठेवा.
2. बाहेर काढून दोन-तीन दिवस वाळू द्या. पांढरी भुकटी येईल. फोटो काढा.
3. भुकटी ब्रशने झाडा. अर्धा लिटर आरओच्या पाण्याचा टीडीएस मोजा, लिहा आणि पणती त्यात ठेवा.
4. १५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि २४ तासांनी पाणी हलवून टीडीएस लिहा.
5. पाणी बदला आणि पुन्हा तेच करा.

स्प्रेडशीट अ‍ॅपमध्ये आलेख काढा. सुरुवातीला रेघ झपाट्याने चढेल, मग सपाट होत जाईल. दुसऱ्या पाण्यात ती खूपच खाली राहील. संवर्धकाच्या वहीत हाच आलेख असतो. तिसरी-चौथी फेरी झाल्यावर पणती वाळवा आणि भुकटी परत येते का ते बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*शेतात किंवा टेकाडावर नक्षीचं खापर दिसलं तर काय करू?*
आहे तिथेच राहू द्या. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळेल, फोटो काढा. फोनचं लोकेशन चालू ठेवा. तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. खापर जागेवरून हललं की ते कोणत्या थरातलं होतं ही माहिती कायमची जाते. फोटो कळवण्यासाठी वापरा. नेमकं लोकेशन टाकून रील करू नका, कारण ती खणणाऱ्यांच्याही हाती पडते.

*घरी आणून व्हिनेगर किंवा लिंबाने साफ केलं तर?*
नको. दोन्ही आम्लंच आहेत. वर सांगितलेलं नुकसान होईल आणि संरक्षित ठिकाणाहून उचललं असेल तर कायदाही मोडेल. संरक्षित जागी परवानगीशिवाय खणायला १९५८ च्या कायद्याने बंदी आहे. पुरावस्तूंच्या विक्रीवर आणि परदेशी नेण्यावर १९७२ च्या कायद्याची बंधनं आहेत.

*आजी-पणजीचा जुना रांजण घरात आहे. त्यालाही लोणा लागलाय. काय करू?*
नक्षी किंवा रंग नसेल आणि भांडं घट्ट असेल तर कोरड्या मऊ ब्रशने भुकटी झाडा. ओल्या भिंतीला किंवा थेट फरशीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी पट्ट्या द्या. वर वॉर्निश मारू नका. वॉर्निशने ओल आत अडकते आणि क्षार वरच्या थराखाली साठतात.

*संग्रहालयात भांड्यावर पांढरं दिसलं तर सांगू का?*
जरूर सांगा. भांडं कोणत्या कपाटात, कोणत्या क्रमांकाचं, आणि पांढरा थर कुठे आहे, एवढं नोंदवहीत किंवा कर्मचाऱ्याला सांगितलं तरी पुरे. क्षारांच्या बाबतीत उपचारापेक्षा वेळेवर नजर पडणं जास्त उपयोगाचं असतं. खपली पडण्याआधी भांडं वाचवता येतं. पडलेल्या खपलीची भुकटी झाली की तिच्यावरची नक्षी परत आणता येत नाही.